नोगो साहेबांची खंडेनवमी

आमच्या नोगो साहेबांना एखादी गोष्ट पहिल्या खेपेला आवडली, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्याचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काढली. 'काढली' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सक्तमजुरी काढतात तशीच ती काढली. त्यांचं खरं नाव इथे देत नाही. दिलं तर हा मजकूर वाचून त्यात काहीतरी चूक काढायला ते उद्या सकाळी दारात हजर होतील.

'नोगो' हे नाव कामगारांनी पाडलेलं. भोकाचं माप तपासायला आमच्याकडे एक दांडकं असतं, त्याला गो-नोगो गेज म्हणतात. त्याचं एक टोक भोकात सहज गेलं पाहिजे आणि दुसरं, लाल पट्ट्याचं टोक, काही केल्या जाता कामा नये. गेलं की माल बाद. साहेबांनी जगातल्या यच्चयावत गोष्टींना हे लाल टोक लावून बघायचं व्रत घेतलं होतं.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी कायम. खात्यातल्या एकाच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो, तर हे गृहस्थ आहेराचं पाकीट देण्याआधी जिन्यावर उकिडवे बसलेले. "चौथी पायरी पाव इंच जास्त आहे," असं यजमानांना सांगून पाटावर येऊन बसले. यजमान हसले. पंगत निम्मी झाली असेल, तेवढ्यात यजमानांचे साडू मठ्ठ्याची बादली घेऊन वर येताना नेमके चौथ्या पायरीला ठेचकाळले आणि मठ्ठा पहिल्या पायरीपर्यंत पोचला. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. जिलबी मोडता मोडता म्हणाले, "पाव इंच म्हणजे फार झालं हो."

मुलीसाठी स्थळं बघायला लागले तेव्हा तर नातेवाइकांनी हात टेकले होते. एका चांगल्या कमावत्या मुलाला यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या घड्याळात किती वाजले?" मुलाचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. "मुद्दाम पुढे ठेवतो, उशीर होऊ नये म्हणून," तो हौसेनं म्हणाला. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही रोज स्वतःला फसवता आणि रोज फसता. अवघड आहे." झालं, ते स्थळ नो-गो. शेवटी मुलगी दिली ती ज्याचं घड्याळ बंद होतं त्याला. कारण त्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं, "बंद आहे, सेल घालायचा राहिलाय." दोष लपवला नाही, यावर साहेब बेहद्द खूश.

आमच्या वहिनींचं म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींचं याबाबतीतलं निवेदन असं : "मला बघायला आले तेव्हा पोह्यांत मीठ कमी आहे म्हणाले. तरी होकार दिला. मी बहुतेक रिवर्कला आले."

रिवर्क म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे मालाला तीन रंगांच्या चिठ्ठ्या बांधत. हिरवी म्हणजे पास. लाल म्हणजे बाद. आणि पिवळी म्हणजे रिवर्क : आत्ता चालणार नाही, पण पुन्हा मशीनवर चढवला तर सुधारेल असा माल. साहेब म्हणायचे, "हिरवी आणि लाल कुणीही बांधेल. पिवळी बांधायला डोकं लागतं." याशिवाय एक चौथा, बिनरंगाचा मार्ग होता. माप चुकलंय खरं, पण चालवून घेऊ, असं म्हणून सही करायची. त्याला डेव्हिएशनवर पास करणं म्हणतात. साहेबांच्या सबंध कारकिर्दीत रजिस्टरातला तो रकाना कोरा राहिला.

कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. एखादा लॉट अगदी निर्दोष निघाला तर चष्मा काढायचे, खुर्चीत टेकायचे आणि म्हणायचे, "चहा सांगा." बस्स, इतकंच. माल देणारे लहानसहान कारखानदार या दोन शब्दांसाठी खात्याच्या दाराशी ताटकळत उभे राहत. अठरा वर्षांत माझ्या कामावर त्यांनी कधी चहा सांगितला नाही.

त्याला एक कारणही होतं. सरफेस प्लेट नावाची बिडाची जाडजूड लादी आमच्या खात्यात होती. अशी सपाट, की तिच्यावर ठेवूनच सगळी मापं घ्यायची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक लोखंडी ठोकळा तिच्या कोपऱ्यावर पडला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. साहेब तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "कोपऱ्यात आहे, म्हणून वाचलात." त्यानंतर रोज सकाळी प्लेट पुसून तिला तेलाचा हात फिरवायचं काम माझ्याकडे आलं, ते कायमचं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. झेंडूच्या माळा, पेढे, बायकामुलांना आत यायची मुभा. एका वर्षी खुद्द जनरल मॅनेजरांच्या बाईसाहेब तबक घेऊन आमच्या खात्यात आल्या आणि ओलं कुंकू बोटावर घेऊन प्लेटीकडे वळल्या. साहेबांनी मध्ये तळहात धरला. "बाई, इथे नको. पाणी लागलं की गंज धरतो. खाली स्टँडला लावा." बाईसाहेबांचं बोट साहेबांच्या तळहातावर टेकलेलं, जनरल मॅनेजर छताकडे बघतायत, आणि आम्ही बाकीचे पुढच्या नोकऱ्या शोधायला लागलेले. बाईसाहेब मुकाट्यानं वाकल्या आणि स्टँडला कुंकू लावलं.

साहेब निवृत्त झाले आणि खुर्ची माझ्याकडे आली. मी ठरवलं, आपण बाबा माणुसकीनं वागायचं. कशाला उगाच कुणाच्या पोटावर पाय? थोडंसं इकडेतिकडे असलं तर मी डेव्हिएशनवर सही ठोकायचो. कोरा रकाना बघता बघता भरून वाहायला लागला. कारखानदार मंडळी मला 'देवमाणूस' म्हणायला लागली. दिवाळीला काजूबदामाचे इतके डबे यायचे, की बायको ते नातेवाइकांत वाटता वाटता थकायची. मला वाटायचं, चला, ओळखी वाढतायत, कधीतरी उपयोगी पडतील.

ती वेळ आली. मालकांनी कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला आणि आम्हाला नारळ मिळाला. माझं वय बावन्न. मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. मुलीनं नोकरीच्या साइटवर माझा टाय लावलेला फोटो टाकला, त्याभोवती 'काम हवंय' असं सांगणारं हिरवं कडं आलं, आणि खाली कुणीतरी 'अभिनंदन' असं लिहिलं. मी डबेवाल्या मंडळींना फोन लावायला घेतले. "साहेब, तुमच्यासाठी कायपण!" एक म्हणाला. "बायोडेटा टाकून ठेवा ना व्हॉट्सॲपवर." टाकला. दोन निळ्या खुणा उमटल्या, त्यापुढे शांतता. दुसरा म्हणाला, "तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला आमच्या शेडात कसं बसवू?" तिसऱ्यानं फोन उचलून स्वतःच "राँग नंबर" म्हणून सांगितलं. आवाज मी ओळखला होता.

सहा महिने गेले. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. सकाळी बायको शाळेत शिकवायला गेली की मी उगाच इस्त्रीची पँट घालून बसायचो, दारावर कुणी आलं तर घरी बसलेला वाटू नये म्हणून. एकदा बायको सहज म्हणाली, "इतके डबे देणारे लोक गेले कुठे हो?" तिनं टोमणा मारला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

नोगो साहेबांकडे मात्र मी गेलो नाही. एक तर लाज वाटत होती. शिवाय हिशेब सरळ होता. मी ज्यांचा माल पास केला ते मला दारात उभं करत नव्हते, तर ज्यांनी सगळ्यांचा माल परत पाठवला त्यांचा शब्द कोण झेलणार?

एक दिवस भाजीबाजारात ते समोरच आले. हातात दोन वांगी, दोन्हींना उलटसुलट करून चाललेली तपासणी.

"काय चाललंय सध्या?"

"कन्सल्टन्सीचं बघतोय, साहेब."

"म्हणजे घरी आहात." त्यांनी एक वांगं परत टोपलीत टाकलं. "कुणाला विचारलंत?"

मी नावं सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही कुणाकुणाला ओळखता ते कळलं. ते तुम्हाला कशावरून ओळखतात?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. "खंडेनवमीला सकाळी नऊला तयार राहा, महाराज. बायोडेटा आणू नका. तेलाचा वास येत नाही त्याला."

खंडेनवमीला नऊच्या ठोक्याला त्यांची पुरातन स्कूटर खाली येऊन उभी राहिली. दर वर्षी या दिवशी ते अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडांची फेरी मारतात, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, आता जागोजागी शिव्या खाणार. पहिल्या शेडमध्ये शिरलो तर मालक हातातलं तबक टाकून धावत आला, पाया पडला आणि कामगारांना अभिमानानं सांगायला लागला, "माझा पहिला लॉट यांनी गेटवरूनच हाकलला होता!" दुसऱ्या शेडमध्येही तेच. तिथला मालक म्हणाला, "आमचा तर तीनदा." लोक सत्काराची आठवण सांगतात तशी ही मंडळी रिजेक्शनची सांगत होती.

तिसरी शेड मोठी होती. मालक मूळचा देवळ्याचा, कांद्याची शेती भावाकडे सोपवून एका जुन्या लेथवर धंदा सुरू केलेला. आता कॉम्प्युटरवर चालणारी पंधरा सीएनसी यंत्रं. त्याच्या केबिनमध्ये लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी दुसरी एक तसबीर होती. काचेत एक लाल चिठ्ठी, पिवळी पडलेली, खाली साहेबांची सही.

मालक मला म्हणाला, "दोनशे नग होते. सगळे बाद. मी रडायचाच राहिलो होतो. अन् संध्याकाळी बघतो तर काय, हे स्कूटरवर माझ्या शेडात. पत्र्याच्या डब्यावर बसले अन् रात्री जेवणवेळेपर्यंत मला टूल घासायला शिकवलं. माल परत पाठवायचे अन् मागनं स्वतः यायचे. पंचवटीपासून सिन्नरपर्यंत असे किती जण असतील, यांनाच ठाऊक."

अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो आणि संध्याकाळी पाचनंतर ते कुठे जातात, हे मला ठाऊक नव्हतं. मी आपला सव्वापाचची बस पकडायचो.

मालकानं मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, नवी इन्स्पेक्शन रूम बांधलीय. माणूस शोधतोच आहे. हे कसे आहेत?"

मी कोटाची बटणं नीट केली. साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"आहेत तसे नो-गो," ते म्हणाले.

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मालक जरा चाचरला, पण माणूस स्पष्ट होता. "राग मानू नका, पण तुमच्या काळात माझा एकही लॉट परत आला नाही. माझ्या पोरांना त्यानं वाईट सवय लागली. पुढं एका परदेशी गिऱ्हाइकानं सबंध कंटेनर परत धाडला, तेव्हा कळलं." मग साहेबांना म्हणाला, "पण मग यांना आणलंत कशाला?"

"पिवळी चिठ्ठी आहे," साहेब म्हणाले. "रिवर्कला होतील. मटेरियल चांगलं आहे. घडवलंय मीच, शेवटचा हात मारायचा राहिला, ती चूक माझी."

उठून चालतं व्हावं असं मनात आलं होतं. पण त्या शेवटच्या वाक्यानं पाय जागीच राहिले. माझी चूक त्यांनी स्वतःच्या नावावर लावली होती, आणि तीही भर केबिनमध्ये.

तेवढ्यात पूजेचं बोलावणं आलं. मालकाची आई, ऐंशीच्या घरातली, नऊवारी नेसलेली म्हातारी, तबक घेऊन प्रत्येक यंत्राला कुंकू लावत चालली होती. तिच्या मागून मालक, कामगार, सगळी वरात. सीएनसीच्या पडद्यांवर कुंकवाची बोटं उमटत उमटत आम्ही नव्या इन्स्पेक्शन रूममध्ये आलो, आणि मी दारातच थांबलो.

मधोमध सरफेस प्लेट होती. आमचीच. कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा. कारखाना हलला तेव्हा जुन्या सामानाच्या लिलावात तिला मालकानं उचलली होती. तिला माझ्या आधी नोकरी लागली होती.

मी तिच्याकडे बघत असतानाच म्हातारीनं तबकातल्या पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात फिरवलं, आणि प्लेटीच्या बरोबर मध्यावर चांगलं रुपयाएवढं कुंकू टेकवलं. वर हळद, वर अक्षता, वर पळीभर पाणी.

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी वाट बघितली, आता बोलतील, मग बोलतील. ते बोलले नाहीत. आणि पुढे काय झालं ते मलाच कळलं नाही. मी खिशातून रुमाल काढला, दोन पावलं पुढे गेलो आणि देवाचं कुंकू भसकन पुसून टाकलं.

म्हातारीनं तबक कमरेशी टेकवलं.

"हाऊ कोन शे?" तिनं लेकाला विचारलं. मग माझ्याकडे वळली. "आरं, नवमीचं कुंकू पुसलं तू? सणाच्या दिशी?"

मालकाचा चेहरा पडला. नोकरी गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं, मिळण्याआधीच गेली. एरवीचा मी असतो तर शंभरदा माफी मागून, स्वतःच्या हातानं पुन्हा कुंकू लावून मोकळा झालो असतो. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

"आई," मी म्हणालो, "इथे नाही लावायचं. ही बिडाची आहे, पाणी लागलं तर उद्यापर्यंत गंजेल. मग तुमच्या लेकाचं प्रत्येक माप चुकेल. कुंकू खाली स्टँडला लावा. आणि मला आधी कुणीतरी तेल द्या."

"देवाला पायाशी लावू व्हय कुंकू?"

"आपण देवाच्या पायाशीच लावतो की, आई."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि स्टँडला कुंकू लावलं. उठताना तिला आधार द्यायला मी हात दिला, तर बोटावर उरलेलं कुंकू तिनं माझ्या कपाळाला फासलं. "ह्यालाबी लागतंय," लेकाला म्हणाली. "इतक्या मान्सांत ह्यो एकलाच बोलला. बाकी समदी नंदीबैल. ठिव ह्याला."

लेकाची काय बिशाद! "एक तारखेपासून या," मालक म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी स्कूटरच्या मागे बसलो. सिग्नलला थांबल्यावर विचारलं, "साहेब, तुम्हाला दिसलं नव्हतं का, त्या कुंकू लावत होत्या ते?"

"खिडकीच्या काचेत सगळं दिसत होतं."

"मग तुम्ही का नाही थांबवलंत?"

"मला कुठे नोकरी हवी होती?" ते म्हणाले. सिग्नल सुटल्यावर मान किंचित वळवून पुढे म्हणाले, "आणि रुमाल पॉलिस्टरचा होता. बिडाला सुती कापड लागतं. इतकी वर्षं काय शिकलात?"

या गोष्टीला परवाच्या खंडेनवमीला एक वर्ष झालं. वर्षभरात मी मालकाचा स्वतःचाच माल सहा वेळा अडवला. त्याच्या सुपरवायझरनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी संध्याकाळी त्याच्या मशीनवर जाऊन बसायला लागल्यावर पुन्हा सुरू केलं. सव्वापाचची बस चुकते, पण पावणेसातला दुसरी असते. दिवाळीचे डबे येत नाहीत. बायको म्हणते, कपाट मोकळं झालं.

परवा नऊ वाजता साहेब आले. म्हातारीनं या खेपेला मला विचारून कुंकू लावलं. साहेबांनी प्लेटीवर अंगठा फिरवला, अंगठ्याला लागलेलं तेल हुंगलं, कोपऱ्यातल्या खड्ड्यात नख घालून पाहिलं. मग माझं रजिस्टर मागितलं. एकेक पान उलटत डेव्हिएशनचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. कोरा होता. मी पुढ्यात उभा, वय वर्षं त्रेपन्न.

त्यांनी चष्मा काढला. खुर्चीत टेकले.

"चहा सांगा," म्हणाले.

मी दारातून बाहेर डोकावलो. पोऱ्याला बोटांनीच दोनची खूण केली. चहा आला. साहेबांनी एक घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"साखर जास्त आहे."

"रिवर्कला पाठवू का, साहेब?"

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राहू द्या," ते म्हणाले, "डेव्हिएशनवर पास करा." आणि बशीत ओतून सगळा चहा प्यायले.